अ‍ॅक्सेप्ट करू नकोस

१

फेब्रुवारी २००७ मधल्या त्या सोमवारी सकाळी पावणेअकराला आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात जे घडलं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी हरिचंद्र भोईर, राहणार चामटोली, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट. अकरा वर्षं त्या खोलीत काढली. मुलं एका खिडकीत नोट्स आणि दुसऱ्या खिडकीत ऑर्कुट उघडून बसतात, हे मला माहीत होतं. मी तिकडे काणाडोळा करायचो. नोकरी टिकवायची तर सगळंच दिसून चालत नाही.

साडेअकराला तिसऱ्या वर्षाच्या स्टॅटिस्टिक्सचा प्रिलिमचा पेपर होता. अडतीस मुलं शेवटची उजळणी करत बसली होती. एकाएकी कोपऱ्यातली एक मुलगी किंचाळली, "अरे, हे बघा! सईच्या प्रोफाइलवर बघा!"

पाहता पाहता सगळे त्या एका मशीनभोवती जमले. मीही मान खुपसली. सई चौबळच्या ऑर्कुटच्या पानावर, मित्रमैत्रिणी जिथे तिचं कौतुक लिहितात तिथे, वर्गात तीन वर्षं पहिली येणाऱ्या यशोधरा रोकडेचा फोटो होता आणि शेजारी रोमन अक्षरांतलं मराठी:

"अ‍ॅक्सेप्ट करू नकोस. वाच आणि उडव. सोमवारचा पेपर आलाय माझ्याकडे. अख्खा. काय करू कळत नाहीये. आलीस की लगेच भेट. कुणाला बोलू नकोस, प्लीज."

मागून पुष्कर ओगलेचा आवाज आला. हा वर्गात कायम दुसरा. तो एकच शब्द बोलला, "तरीच!"

तो शब्द खोलीभर फिरला. तरीच पहिली येते. तरीच कुणाशी फार बोलत नाही. माझ्या मनातही तो येऊन गेला, खोटं कशाला सांगू. सालस म्हणून जिला तीन वर्षं पाहत आलो, ती पोरगी अशी निघावी? मला धक्काच बसला होता.

तेवढ्यात यशोधरा स्वतःच दारातून आत आली. गर्दी बाजूला झाली. तिनं स्क्रीन पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता म्हणेल की माझा पासवर्ड चोरला, कुणीतरी माझ्या नावानं लिहिलं.

ती म्हणाली, "हे मीच लिहिलंय."

२

प्राचार्यांच्या खोलीत पेपरचं सीलबंद पाकीट फोडण्यात आलं. यशोधरा समोर उभी होती. परीक्षा विभागाचे प्रमुख शशिकांत मुळगांवकर सर, ज्यांनी पेपर काढला होता, ते खुर्चीत ताठ बसले होते. मी दाराशी उभा.

"पहिला प्रश्न सांग," प्राचार्य म्हणाले.

तिनं सांगितला. आकड्यांसकट. प्राचार्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि घाम पुसला.

"कुठून मिळाला पेपर?"

"ते मी सांगणार नाही, सर."

"तुला कळतंय का काय होणार आहे? तुझं हॉल तिकीट अडवावं लागेल. वर्ष जाईल. ती कंपनीतली नोकरी, जूनमध्ये पास झालीस तरच ना?"

"हो, सर."

"मग बोल ना बाई!"

शशिकांत सरांकडे तिनं एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. सर म्हणाले, "अशा मुलांना दयामाया दाखवली की कॉलेजचं नाव जातं. माझं मत विचाराल तर कडक शिक्षा." पेपर रद्द झाला. बुधवारी तीन वाजता सुनावणी ठरली आणि चौकशी आर्ट्‌सला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या उमा दातार मॅडमकडे गेली.

उमा मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजातलं वेगळंच प्रकरण. छप्पन्न वर्षं वय, आवाज खणखणीत, आणि ईमेल विचारला तर घराचा पत्ता सांगणार. त्यांच्या मदतीला मला दिलं. त्यांनी लायब्ररीमागच्या खोलीत बसून कॅन्टीनमधून दाल-पकवान मागवलं आणि मला म्हणाल्या, "भोईर, मला हे ऑर्कुट लहान मुलाला सांगता तसं सांगा."

मी सांगितलं. प्रत्येकाचं एक पान असतं. त्यावर कुणीही स्क्रॅप लिहितो, म्हणजे चिठ्ठी. पण ती चिठ्ठी अख्खं जग वाचतं. खासगी काही सांगायचं तर पोरांनी एक वाट काढली आहे. टेस्टिमोनियल नावाचा प्रकार असतो, खरं म्हणजे मित्राची स्तुती लिहायला. तो आधी फक्त ज्याचं पान त्यालाच दिसतो. त्यानं 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं तरच जगाला दिसतो. म्हणून पोरं त्यात गुपितं लिहितात आणि पहिल्याच ओळीत बजावतात, अ‍ॅक्सेप्ट करू नकोस. समोरचा वाचतो आणि उडवून टाकतो.

"आणि समोरच्यानं दाबलंच तर?"

"तर चव्हाट्यावर. पण असं कुणी करत नाही, मॅडम. ह्यांच्यात ते फार वाईट समजतात. दुसऱ्याचं पत्र भिंतीवर चिकटवल्यासारखं."

"म्हणजे लिहिणारा हात एक आणि दार उघडणारा हात दुसरा." त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला. "लिहिणारी तर कबूल झाली. दार कुणी उघडलं? सई चौबळला बोलवा."

३

सई आली ती रडतच. बदलापूरची, नीटनेटकी, यशोधराची सगळ्यांत जवळची मैत्रीण.

"मी नाही केलं, मॅडम, शप्पथ! मी शनिवारी सकाळीच जांभूळ गावाला गेले. मामा तिथे वॉटर वर्क्सच्या क्वार्टर्समध्ये राहतो. मामेबहिणीची हळद होती. तिथे नेट नाही, काही नाही. आज डायरेक्ट पेपरला आले."

मी तिचं पान उघडून पाहत होतो. "सई, रविवारी संध्याकाळी तू एकोणीस जणांना स्क्रॅप लिहिलेत. 'थँक्स यार', 'मिस यू टू', 'ऑल द बेस्ट'. हे जांभूळहून?"

सईनं एकदम रडू आवरलं. माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "भोईर सर बाहेर जातील का?"

"भोईर कुठेही जाणार नाहीत. ते मला समजावून सांगायला आहेत. बोल."

"माझा पासवर्ड पुष्करकडे असतो," ती पुटपुटली. "स्क्रॅप सांभाळायला."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मला खुलासा करावा लागला. आलेल्या स्क्रॅपला दोन दिवसांत उत्तर दिलं नाही तर पोरी म्हणतात, ही भाव खाते. त्यामुळे गावाला जाताना आपलं खातं जवळच्या माणसाच्या हवाली करून जायची रीत आहे. तो आपल्या वतीनं सगळ्यांना उत्तरं देतो.

"म्हणजे आपण ज्याच्याशी बोलतोय तो दुसराच कुणी असू शकतो, आणि ह्याला शिष्टाचार म्हणायचं?" मॅडमना खरोखरच धक्का बसला होता. "घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, पण आपली जीभसुद्धा द्यायची?"

सईला पाठवून पुष्करला बोलावलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"हो, मीच अ‍ॅक्सेप्ट केलं."

मी पाहतच राहिलो. असा सरळ कबूल होईल असं वाटलं नव्हतं.

"चुकून?" मॅडमनी विचारलं.

"नाही. मुद्दाम. काल संध्याकाळी इथल्या कॅम्प चार वस्तीतल्या सायबर कॅफेत बसलो होतो. मॅडम, तीन वर्षं मी सेकंड येतोय. कधी दोन मार्क, कधी चार. घरी रोज विचारतात, अजून थोडा अभ्यास का नाही करत? आणि मग ते वाचलं. भेजा सटकला माझा. म्हटलं, आपण इकडे घासतोय आणि हिला पेपर मिळतोय. दिसू दे सगळ्यांना."

"पूर्ण वाचलंस?"

"हो."

"'अख्खा' ह्या शब्दानंतर काय लिहिलं होतं तिनं?"

पुष्करला आठवेना.

"'काय करू कळत नाहीये,'" मॅडम म्हणाल्या. "हातात पेपर मिळाला म्हणून खूश झालेलं माणूस असं लिहितं का रे? तुला जेवढं हवं होतं तेवढंच वाचलंस तू. जा."

तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "भोईर, हिला स्वतःला वाचवायचं असतं तर पेपर कुठून आला ते तिनं कधीच सांगितलं असतं. हिनं गुन्हा अंगावर घेतला आणि वाट तेवढी लपवली. म्हणजे ती कुणालातरी वाचवते आहे. पेपर छापेपर्यंत त्याला हात लागलेली माणसं किती?"

मी बोटांवर मोजली.

"दोन, मॅडम."

"बरोबर. एक शशिकांत मुळगांवकर," त्या माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "आणि दुसरे तुम्ही."

४

मंगळवारी आम्ही शशिकांत सरांकडे गेलो. परीक्षा विभागाच्या खोलीत त्यांचं स्वतःचं मशीन होतं. अकरा वर्षं मी त्या माणसाबरोबर चहा प्यायलो होतो. माझ्या मुलीच्या बारशाला ते चामटोलीपर्यंत आले होते.

"उमाताई, सरळ गोष्ट आहे," सर म्हणाले. "पेपर मी घरी टाइप केला. घरी मी आणि बायको. तो मी शनिवारी ईमेलनं हरीभाऊंना पाठवला. मधे कुणी नाही. पुढे काय झालं ते हरीभाऊंना विचारा."

ते माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते. मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. हा माणूस माझ्यावर ढकलत होता!

"सर, काय बोलताय? मी छापला, पाकिटात घातला, सील केला. तुमच्या कपाटात तुमच्याच हातानं ठेवला तुम्ही!"

"मी आरोप करत नाही. क्रम सांगतोय."

"किती वाजता पाठवलात?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"दीडच्या सुमाराला."

"त्याआधी साडेअकराला तुमचा फोन आला होता की," मी म्हणालो. "पेपर पाठवलाय, मिळाला का विचारायला. मी म्हटलं, नाही आला. मग तुम्ही दीडला पाठवलात."

"नेट स्लो होतं. पहिल्यांदा गेलाच नाही." सर चिडले होते. "ह्याचा काय संबंध?"

"काही नाही, काही नाही," मॅडम म्हणाल्या. "शशिकांत, एक काम करा. सुनावणीला कोण कोण बसणार त्यांची नावं भोईरांना आत्ताच ईमेल करा. मला हे कसं करतात ते बघायचंय. मी अडाणी."

सरांनी सुस्कारा टाकून मेलबॉक्स उघडला. शेकडो पत्रांची यादी होती. सर चष्मा नाकावर ओढून खाली खाली जात राहिले. "हरीभाऊ... हरीभाऊ... हं, हे सापडलं." माझं जुनं कसलंसं पत्र त्यांनी उघडलं, 'रिप्लाय' दाबलं आणि त्यातच नावं टाइप करून पाठवून दिलं.

"पत्ता लिहावा लागत नाही?" मॅडमनी भाबडेपणानं विचारलं.

"कोण पाठ करतो पत्ते? माणसाचं शेवटचं पत्र शोधायचं आणि उत्तर द्यायचं. म्हणूनच मी एकही पत्र काढून टाकत नाही."

मॅडम उठल्या. जिना उतरताना त्या चक्क गुणगुणत होत्या. मला मात्र रडू येत होतं. उद्या सुनावणीत माझं नाव निघालं तर चामटोलीत तोंड कसं दाखवणार होतो? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती पोरगी गप्प राहून मला वाचवते आहे असंच सगळ्यांना वाटणार होतं.

५

संध्याकाळी आम्ही अंबरनाथला गेलो. शिवमंदिराच्या पुढे, बेल-फुलांची दुकानं संपतात तिथल्या गल्लीत रोकड्यांची दोन खोल्यांची जागा. शिवराम रोकडे कारखान्यातून नुकतेच आले होते. "जय भीम, या, बसा," म्हणाले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली यशोधराच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, फ्रेम करून.

"मॅडम, माझी पोरगी चोरी करणार नाही," ते म्हणाले. "पण ती मलाबी काय सांगत नाय. दोन दिवस झाले, जेवली नाय. कारखान्यात एकानं विचारलं मला, पेपर केवढ्याला घेतला रे? मी त्याला काय बोलू?" यशोधरा आतल्या दारात उभी होती.

मॅडमनी तिला जवळ बसवलं. "तुमच्या वर्गाचा ईमेलचा एक गट आहे ना? भोईर म्हणाले, तो तू चालवतेस. कसा चालतो?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. तिनं हळूहळू सांगितलं. मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलीचं अगदी खासगी पत्र चुकून याहूच्या ग्रुपवर गेलं. अडतीस जणांनी वाचलं, काहींनी पुढे पाठवलं. ती मुलगी पुन्हा कॉलेजात आली नाही. तेव्हापासून यशोधरानं पहारा बसवला. ग्रुपला आलेलं प्रत्येक पत्र आधी तिच्याकडे थांबतं. तिनं सोडलं तरच सगळ्यांना जातं.

"नियम काय केलेस?"

"फॉरवर्ड नको. शिव्या नको. आणि..." ती थांबली.

"आणि?"

"चुकून आलेलं पत्र परत पाठवायचं. त्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. कधीच."

"आणि हा नियम तू स्वतः पाळतेस?"

यशोधरानं मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही उठलो.

बाहेर देवळाच्या वाटेवर त्यांनी मला थांबवलं. "भोईर, नीट आठवा. शनिवारच्या आधी तुम्ही शेवटचं ईमेल कुणाला पाठवलंत?"

"शुक्रवारी. प्रॅक्टिकलच्या बॅचेसचं वेळापत्रक. पोरांच्या ग्रुपवर टाकलं. सर पण आहेत त्या ग्रुपवर, त्यांना पण गेलं असणार."

"त्यावर नाव कुणाचं दिसतं?"

"माझंच. पाठवणारा मी ना."

"आणि त्या पत्राला कुणी रिप्लाय दाबलं, तर उत्तर कुणाला जातं?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाव माझं दिसणार. पण उत्तर जाणार ग्रुपला!

"देवा," मी म्हणालो. "सरांनी स्वतःच्या हातानं पेपर पोरांना पाठवला!"

"अडतीस जणांना. तो दारातच अडवला तो त्या एकट्या पोरीनं. त्याबद्दल आता तिचं वर्ष जाणार आहे." मॅडम चालायला लागल्या. "शशिकांतला हे माहीतच नसेल, बिचारा. उद्या त्याला सांगू." आणि लगेच त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. "थांबा. भोईर, तिनं पत्र परत पाठवलं, म्हणजे कुणाला पाठवलं?"

६

बुधवारी तीन वाजता सुनावणी लॅबमध्येच झाली. मॅडमनी तसा आग्रह धरला होता. प्राचार्य, शशिकांत सर, दोन प्राध्यापक, शिवराम रोकडे, यशोधरा आणि मी. पुष्कर आणि सईला साक्षीसाठी बसवलं होतं.

मॅडमनी दहा मिनिटांत सगळं मांडलं. रिप्लाय दाबायची सवय, माझं शुक्रवारचं पत्र, साडेअकराचा तो फोन, ग्रुपच्या दारावरचा पहारा. प्राचार्य पुढे झुकून ऐकत होते. सईनं तोंडावर हात ठेवला होता. पुष्करच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"मुलीनं पेपर मागितला नाही, शोधला नाही. तो तिच्या अंगावर येऊन पडला. घाबरून तिनं मैत्रिणीला विचारलं, काय करू. मग स्वतःच ठरवलं आणि पत्र परत पाठवलं."

"हा निव्वळ तर्क आहे!" शशिकांत सर उसळले. "पुरावा काय? मला कसलंही पत्र परत आलेलं नाही."

"बघू या की. तुम्हीच काल सांगितलंत, मी एकही पत्र काढून टाकत नाही. समोर मशीन आहे. उघडा."

"ते खासगी आहे."

"तिचंही खासगीच होतं, शशिकांत. ते तीन दिवस सगळं उल्हासनगर वाचतंय."

सर हलले नाहीत. प्राचार्य यशोधराकडे वळले. "बेटा, हे खरं आहे का? एवढं तरी सांग."

ती उभी राहिली. "मी शब्द दिलाय, सर. ज्यांना दिलाय त्यांनी सांगितलं तर बोलेन."

ज्यांना दिलाय! हे ऐकून मॅडमसुद्धा दचकल्या. म्हणजे शब्द कुणीतरी मागून घेतला होता. खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मुळगांवकर," प्राचार्य म्हणाले, "उघडा."

सरांनी पासवर्ड टाकला. शनिवारची पत्रं मी शोधून दिली. सापडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी आलेलं. मी मोठ्यानं वाचलं:

"सर, तुमचा सोमवारचा पेपर चुकून वर्गाच्या ग्रुपला आला आहे. मी तो पुढे जाऊ दिलेला नाही. दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही, पण मी उघडला आणि पाहिला. कृपया पेपर बदला. मी कुणालाही सांगणार नाही. यशोधरा रोकडे."

आणि त्याखाली, बारा वाजून दहा मिनिटांनी गेलेलं सरांचं उत्तर. तेही मी वाचलं.

"मिळालं. ही गोष्ट आपल्यातच राहू दे. कोणाला सांगू नकोस, शब्द दे."

खाली तिचं एका शब्दाचं उत्तर होतं. "हो."

तीन दिवस ह्या माणसाला सगळं माहीत होतं. त्याच्या तोंडातून एक वाक्य निघालं असतं तर सगळं मिटलं असतं. त्याऐवजी तो कडक शिक्षा मागत होता, माझ्याकडे बोट दाखवत होता, आणि ती पोरगी त्यालाच दिलेला शब्द पाळत उपाशी बसली होती. मला इतका संताप आला की मी मशीनपासून दूर जाऊन उभा राहिलो.

"पेपर बदलला का नाहीत?" प्राचार्यांनी विचारलं.

सर खाली पाहत होते. "दुपार झाली होती. नवा काढायचा, टाइप करायचा... म्हटलं, ही तर पहिलीच येते. हिनं पाहिला काय, न पाहिला काय, फरक काय पडणार? मग सोमवारी ते बाहेर आलं. तेव्हा बोललो असतो तर सगळं माझ्यावरच आलं असतं." मग फार हळू म्हणाले, "वाटलं, तीच कधीतरी बोलेल. मग नाकारता येईल."

शिवराम रोकडे उठले. मला वाटलं, आता सरांच्या अंगावर धावून जातील. ते मुलीपाशी गेले आणि म्हणाले, "चल, काहीतरी खाऊन घे." बस, एवढंच.

७

दुसऱ्या दिवशी सरांना रजेवर पाठवलं. यशोधराच्या हॉल तिकिटाचा प्रश्न मिटला आणि खरं काय ते नोटीस बोर्डावर लागलं. मी ते लावलं तेव्हा पोरांची ही झुंबड उडाली. वाचलं आणि एकेक करत सगळी लॅबमध्ये येऊन बसली. वीस मशीन, अडतीस पोरं, आणि एकदम शांतता. मला बरं वाटलं. म्हटलं, लाज वाटली असेल, आता अभ्यासाला लागलीत.

जरा वेळानं यशोधरा आली. सोमवारपासून तिनं ऑर्कुट उघडलं नव्हतं, घरी कॉम्प्युटर नाही. माझ्या टेबलाशेजारच्या मशीनवर ती बसली, आपलं पान उघडलं, आणि दगडासारखी बसून राहिली. मी डोकावलो.

तीन दिवसांत तिच्या पानावर दोनशे सतरा स्क्रॅप आले होते. चोर. कॉपीबाज. तुम्हाला तर सगळं फुकटच मिळतं. काही असे की मी इथे लिहूच शकत नाही. प्रत्येकाशेजारी फोटो होता, नाव होतं. सगळी आपलीच पोरं, रोज मला 'गुड मॉर्निंग सर' म्हणणारी.

तिनं पान पुन्हा उघडलं. दोनशे तीन. पुन्हा उघडलं. एकशे ऐंशी.

मला क्षणभर कळेना. मग मी लॅबकडे नजर टाकली. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांची बोटं चालू. कुणी अभ्यास करत नव्हतं. ज्यानं त्यानं आपण लिहिलेलं पुसायला घेतलं होतं. अर्ध्या तासात एकही शिवी उरली नसती, आणि मग कुणीच काही लिहिलं नव्हतं असंच झालं असतं.

"भोईर सर," यशोधरा हळूच म्हणाली, "ह्यातल्या एकानं तरी सॉरी लिहिलं असेल म्हणून बघत होते."

मी उठलो. भिंतीवरच्या पेटीपाशी गेलो आणि नेटची वायर उपटून काढली.

"अरे! नेट गेलं!" मागून ओरडा झाला. "सर, नेट गेलं!"

"गेलं नाही. मी काढलंय." अडतीस माना वर झाल्या. "ज्याला काय पुसायचंय ना, ते ज्या मुलीला लिहिलंय तिला विचारून पुसा. ती इथे बसलीय."

पुष्कर आपल्या कीबोर्डकडे पाहत होता. सईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी किती ओरडलो तरी ह्यांना सुरुवात कशी करायची तेच माहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं. तोंडावर बोलायची सवयच कुठे राहिली होती त्यांना?

मग मीच तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पोरांसमोर बोलायची मला लाज वाटत होती, पण बोललो.

"यशोधरा, सोमवारी ते वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं की तू तशीच आहेस. तासभर तरी वाटलं. माझं चुकलं. माफ कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.